ताट वाजवणारी विहीण

विश्रांतवाडी, पुणे
५ ऑक्टोबर २००९

हिराताई,

जयभीम.

फोन करत नाही, कारण तुमच्या घरातला फोन माझी मुलगी उचलते आणि हे मला तिच्यासमोर बोलायचं नाही. शिवाय माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली. बोललेलं माणसं नाकारतात, लिहिलेलं नाकारता येत नाही. तुमच्या टपालपेटीची किल्ली तुमच्याकडेच असते असं दीप्ती मागे म्हणाली होती, म्हणजे हे पत्र तुमच्याच हातात पडेल.

तीस तारखेला संध्याकाळी सुमात्रा बेटावर पाडांगला मोठा भूकंप झाला आणि पार सिंगापूरपर्यंत इमारती हलल्या, हे आम्ही टीव्हीवर पाहिलं. तिथल्या मेलेल्यांचा आकडा रोज वाढतो आहे. घाबरून दीप्तीला फोन लावला, तर कळलं की बिशानला तुमच्या इमारतीत कपाटातला पेलासुद्धा पडला नाही. पडली ती तुमची शेजारीण, आणि ती भूकंपाने नाही, तुमच्यामुळे.

दीप्तीने सांगितलं ते तसंच लिहिते. त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून ती ऑफिसातून लवकर आली होती. दिवा हलायला लागल्याबरोबर तुम्ही स्टीलचं ताट आणि लाटणं घेतलंत, नातवाला, निहारला, पुढे घातलंत आणि ताट बडवत, ‘बाहेर पडा’ म्हणून मराठीत ओरडत अकरा मजले जिन्याने उतरलात. दीप्ती बिचारी अनवाणी तुमच्यामागे धावली. काय झालं ते न कळून चिनी शेजारी जिन्यात आले आणि त्या गर्दीत नवव्या मजल्यावरच्या मिसेस गोह घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

इमारतींची मजबुती तपासणं हे माझ्या मुलीचं काम. घर हलेल पण पडणार नाही, टेबलाखाली बसायचं, हे तिने तुम्हाला आणि पोराला कितीदा बजावलं होतं. आणि तिच्याच घरातून ही मिरवणूक निघाली. आता लिफ्टमध्ये लोक तिला विचारतात, सासूबाई बऱ्या आहेत ना.

किल्लारीचा भूकंपही तीस सप्टेंबरचाच, हे मला ठाऊक आहे. तुम्ही तिथे भूगोलाच्या शिक्षिका होतात, तुमच्या वर्गातली मुलं गेली, याचं मला दुःख आहे. पण सोळा वर्षं झाली. दर वर्षी त्या दिवशी तुम्ही घराचं दार उघडं टाकून बसता, हे तुमच्या रत्नदीपचं स्थळ आलं तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमचा तिथे राहण्याचा पास डिसेंबरअखेर संपतो. तो वाढवायला तुमच्या मुलाला सांगू नका. निहारला सांभाळायला मी येईन. स्वतःहून निघालात तर मान राहील.

संजीवनी


बिशान, सिंगापूर
१४ ऑक्टोबर २००९

संजीवनीताई,

जयभीम. त्याच्या आधीचं ‘सप्रेम’ तुम्ही गाळलंत, बरं केलंत. मलाही लिहायचे कष्ट वाचले.

दीप्तीने तुम्हाला जे सांगितलं त्यात मी भर घालणार नाही आणि त्यातलं काही खोडणारही नाही. ते तुम्हा मायलेकींचं बोलणं आहे.

ताटाचं सांगते, कारण ते माझं आहे. किल्लारीनंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. जमीन सारखी हलायची. रात्रीच्या जागलीच्या पाळ्या मी लावल्या होत्या, आणि जिची पाळी तिच्या उशाला ताट. हललं की वाजवायचं, वाजलं की सगळ्यांनी उघड्यावर यायचं. हे मी बायकांना इतकं घोटून शिकवलं की माझ्याही हातात बसलं. शेडसाठी ते बरोबर होतं. अकराव्या मजल्यासाठी चूक होतं. एवढं कळण्याइतकी मी शिकलेली आहे.

मिसेस गोह यांचं मनगट माझ्यामुळे मोडलं. मी रोज सकाळी त्यांच्याकडे जाते. त्यांना एका हाताने केस विंचरता येत नाहीत, ते विंचरून बांधून देते. त्यांना मराठी येत नाही आणि मला चिनी येत नाही. त्यामुळे आमचं दोघींचं तुमच्या-माझ्यापेक्षा बरं जमतं.

आता पासाचं. निहार रांगत होता तेव्हा मी इथे आले. रत्नदीप आणि दीप्ती सकाळी बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर येतात. त्याला शाळेत सोडणं, आणणं, भरवणं, झोपवणं माझ्याकडे आहे. माझे यजमान गेले, शाळा संपली, गावातलं घर मुळातच राहिलं नव्हतं. मला या पोराशिवाय दुसरं काही उरलेलं नाही. तुम्हाला हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच तुम्ही नेमका तिथे हात घातलात.

मी जाणार नाही. रत्नदीपने सांगितलं तर जाईन. दीप्तीने माझ्या तोंडावर सांगितलं तरी जाईन. तुम्ही टपालाने सांगितलंत म्हणून जाणार नाही.

तुम्ही येऊन सांभाळाल म्हणता. मागच्या खेपेला आलात तेव्हा तो टीव्हीसमोर जेवायला शिकला. ती सवय मोडायला मला वर्ष लागलं.

हिरा


विश्रांतवाडी, पुणे
२४ ऑक्टोबर २००९

हिराताई,

जयभीम.

टीव्हीसमोर जेवला तर पोट भरत नाही असं कुठल्या भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंय ते कळवा. नातवंडं म्हणजे तुमच्या वर्गातली मुलं नव्हेत. पण मी त्यासाठी लिहीत नाही.

काल दीप्तीचा फोन आला. पाडांगला ज्या इमारती अजून उभ्या आहेत त्या राहण्यासारख्या आहेत का, हे बघायला सिंगापूरहून इंजिनिअर जाणार आहेत, आणि तिने स्वतःहून नाव दिलं म्हणे. पाच वर्षांचं पोर घरी टाकून. जिथे अजून जमीन थरथरते तिथे.

माझी मुलगी मला माहीत आहे. दिवाळीत फटाका लागला की कानात बोटं घालून न्हाणीघरात जाऊन बसायची. जत्रेतल्या पाळण्यात बसायची नाही, पोहायला शिकली नाही. सगळ्या गोष्टी आधी कागदावर करून बघणारी ती. ती आपणहून असल्या ठिकाणी जाईल यावर माझा विश्वास नाही. तिला कुणीतरी बोलून बोलून घालवलं आहे, आणि त्या घरात बोलणारं माणूस एकच आहे. तिचे बाबासुद्धा हेच म्हणाले, आणि पद्माकर कधी कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत हे तुम्ही जाणता.

मी तिला खोदून विचारलं. म्हणाली, “आई, त्या काही बोलत नाहीत गं. नुसत्या बघतात. त्या समोर असल्या की मला घास गिळवत नाही.”

नुसत्या बघतात. शाळेत पोरांना जसं बघून रडवत असाल तसंच ना. एका म्हातारीचं मनगट मोडून पोट भरलं नाही, आता सुनेला भूकंपात पाठवायची. ती नसली की घर तुमचं, पोर तुमचं.

आणि ‘भर घालणार नाही, खोडणार नाही’ हे काय आहे? नोकरीत असताना चौकशीला उभे राहणारे लोक असं लिहून द्यायचे. ज्याच्याजवळ लपवायला काही असतं तोच असं लिहितो.

तिला थांबवा. तुम्ही धाडलंय, तुम्हीच थांबवा.

संजीवनी


बिशान
२ नोव्हेंबर २००९

संजीवनीताई,

तुमचं पत्र पोचायच्या आत दीप्ती पाडांगला गेली. मी तिला पाठवलं नाही आणि अडवलंही नाही. बॅग भरायला मदत केली. टॉर्च, शिट्टी आणि जाड तळाचे बूट घ्यायला लावले, हेही माझ्या नावावर लिहा.

मी बघते म्हणून तिला त्रास होतो हे तुमच्याकडून कळलं. यापुढे ती जेवायला बसली की मी बाल्कनीत जाईन.

माझ्याबद्दल काय हवं ते लिहा. दीप्तीला घाबरट म्हणू नका. निदान मला लिहिलेल्या पत्रात म्हणू नका.

रविवारी निहार तुमच्याशी फोनवर बोलेल. त्याला त्या दिवसाचं काही विचारू नका. तो अजून झोपेत टेबलाखाली जायला बघतो. त्याच्याकडून पाढे म्हणून घ्या.

हिरा


विश्रांतवाडी, पुणे
११ नोव्हेंबर २००९

हिराताई,

मी विचारलं.

तुम्ही विचारू नका लिहिलंत म्हणूनच विचारलं. पाढे तिनापर्यंत झाले आणि मी म्हटलं, “बाळा, घर हललं तेव्हा आजीने तुला कसं ओढत नेलं रे?” मला वाटलं, त्याच्या तोंडून ऐकलं की तुमच्यासमोर ठेवायला काहीतरी होईल.

तर तो त्याच्या त्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, “नो लाह. मम्मा रन फर्स्ट. आय अंडर द टेबल. आजी ऑल्सो वॉन्ट टु कम, बट हर लेग कॅनॉट बेंड.”

मला इंग्रजी कळतं. तरी मी दोनदा विचारलं. मम्मा कुठे होती? मम्मा गेली. आजी? आजी टेबलापाशी बसली, माझा पाय धरून. मग हलायचं थांबलं, मग आजीने ताट घेतलं, मग जिना. हे सगळं तो असं सांगत होता जसं शाळेत काय खाल्लं ते सांगतो.

मी फोन ठेवला. पद्माकरना काही सांगितलं नाही. तुम्हाला लिहायला बसले, कारण हे ज्याच्याशी बोलता येईल असं जगात दुसरं कुणी नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

म्हणजे माझी मुलगी पोराला टेबलाखाली सोडून पळाली, आणि मला सांगितलं की ती तुमच्यामागे धावली. तुम्ही हे वाचलंत, माझ्याच अक्षरात, आणि मला उत्तर दिलंत, ‘खोडणार नाही’. तेव्हा तुम्ही मनात हसला असाल.

मी बावळट नाही. खात्यात माणसं एकमेकांचे कागद कसे दाबून ठेवतात ते मी पाहिलं आहे. कुणी उपकार म्हणून दाबत नाही. वेळ आली की काढायला दाबतात. तुम्ही हे रत्नदीपसाठी राखून ठेवलंय. पासाची गोष्ट निघाली, दीप्ती नको म्हणाली, की तुम्ही सांगणार, ही बघ तुझी बायको. तो तुमचा एकुलता एक. तो पोराच्या बाबतीत किती हळवा आहे ते मला माहीत आहे. माझ्या मुलीचा संसार तुमच्या जिभेवर ठेवलेला आहे, म्हणून तिला घास गिळवत नाही. आता कळलं मला.

तर ऐका. मी मागचं सगळं मागे घेते. तुमचा पास वाढू दे. दोन वर्षं, पाच वर्षं, कितीही. मी येणार नाही, सुट्टीलाही येणार नाही. निहार तुमचा. दीप्तीला मी समजावेन, ती नाही म्हणणार नाही. फक्त रत्नदीपला सांगू नका.

मी कधी कुणापुढे हात पसरला नाही. तुमच्यापुढे पसरते आहे. त्याचं सुख तुम्हाला होत असेल तर होऊ द्या.

संजीवनी


बिशान
२३ नोव्हेंबर २००९

संजीवनीताई,

जयभीम.

तुमचं पत्र वाचून सुख झालं नाही. संताप आला. मी तुम्हाला सात वर्षं ओळखते आणि तुम्ही मला कधीच आवडला नाहीत, पण मी तुम्हाला इतकं हलकं समजत नव्हते. मी माझ्या नातवाच्या आईचा सौदा करीन, हे तुम्ही लिहू शकलात.

आता तुम्हाला कळलंच आहे तर नीट कळू दे. अर्धवट माहिती वाईट.

दीप्ती डोक्याला बाम लावून सोफ्यावर पडली होती. निहार खाली चित्रं काढत होता. घर हलायला लागलं. आगगाडी थांबताना डबा मागेपुढे होतो तसं, सावकाश, पण थांबेना. निहार लगेच टेबलाखाली गेला. त्याला त्याच्या आईने शिकवलं होतं आणि तो आज्ञाधारक आहे. दीप्ती उठली, एकदा भिंतीकडे बघितलं आणि दाराबाहेर गेली. माझ्या त्या दिवशीच्या रिवाजाप्रमाणे दार उघडंच होतं. ती मला काही बोलली नाही. मला वाटत नाही तिला मी दिसले असेन. पोरही दिसलं नसावं. ती तिथे नव्हतीच. तिचं शरीर तिला घेऊन गेलं.

मी हे किल्लारीला पाहिलेलं आहे, म्हणून सांगू शकते. चांगल्या बाया, लेकरांवर जीव टाकणाऱ्या, अंगणात आल्या आणि मग त्यांना आठवलं. त्यातल्या काहींना परत आत जाता आलं. काहींना परत जायला घर राहिलं नव्हतं. त्यांना मी वर्षभर जवळून पाहिलं. त्यांची चूक शोधायला येणारी माणसं तुमच्यासारखीच असायची, घरातली, काळजीवाली.

हलायचं थांबल्यावर मी ताट घेतलं आणि निहारला पुढे घालून वाजवत उतरले. तिथवर ती जुनी सवय होती, त्यात काही चांगुलपणा शोधू नका. खाली आले तर दीप्ती इमारतीखालच्या मोकळ्या जागेत खांबाला धरून उभी. अनवाणी, ओढणी नाही, आणि पोर बरोबर नाही. लोक तिच्याकडे बघायला लागले होते. एकीने विचारलंसुद्धा, तुझा मुलगा कुठे. तेव्हा मी ताट आणखी जोरात वाजवलं. लोकांनी माझ्याकडे बघितलं. ते मात्र मी समजून उमजून केलं. थोड्या वेळाने रत्नदीप एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवरून धावत आला, तोवर सगळ्यांकडे सांगायला एकच गोष्ट होती, ताट वाजवणाऱ्या म्हातारीची. दीप्ती केव्हा उतरली हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तुम्हाला तिने जे सांगितलं ते बहुतेक तिथेच लोकांच्या तोंडून ऐकलं आणि धरलं. बुडणारा धरेलच.

ती गुरुवारी परत आली. वाळली आहे. शनिवारी रत्नदीप निहारला पोहायला घेऊन गेला होता. मी भाजी निवडत होते. ती येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

“आई, तिथे लोक सांगत होते, जे पळाले ते वाचले.”

“हो.”

“मी सगळ्यांना उलटं शिकवते.”

“तिथली घरं वेगळी, इथली वेगळी. तू बरोबर शिकवतेस.”

तिने जुडीतली एक काडी ओढून घेतली. मग म्हणाली, “तुम्ही ह्यांना का नाही सांगितलंत?”

“त्याने विचारलं नाही.”

“विचारलं असतं तर?”

“तर म्हटलं असतं, तुझ्या बायकोला विचार.”

त्यावर ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. म्हणाली, “तुम्ही मला काहीतरी बोला ना आई. ओरडा. तुम्ही चांगल्या वागता ते मला सहन होत नाही.” मी म्हटलं, “मी चांगली वागत नाहीये. मी भाजी निवडते आहे.” पण त्या रात्री ती जेवायला बसली, मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले, आणि काचेतून दिसलं की ती ताटाकडे न बघता माझ्या पाठीकडे बघते आहे.

तेव्हा मला कळलं. मी बोलले किंवा नाही, बघितलं किंवा नाही, सारखंच आहे. मी तिथे होते एवढं तिला पुरतं. ती निहारला उचलते तेव्हा आधी मी खोलीत आहे का ते बघते. आपल्याच पोराला उचलायला माझी परवानगी असल्यासारखी.

म्हणून मी जाते आहे. तुमच्या पत्राने नाही आणि तुमच्या विनवणीने तर मुळीच नाही. रत्नदीपला सांगितलं की पास वाढवू नकोस, गावाकडे औशाला आमच्या विहारात मुलांची अभ्यासिका काढायची आहे आणि मला इथे कंटाळा आला आहे. त्याने खरं मानलं. मुलगे असलं लगेच मानतात. तिकीट डिसेंबरच्या मधल्या आठवड्याचं आहे. मिसेस गोह यांचं प्लास्टर त्याआधी निघेल.

तुम्ही जानेवारीत या. उशीर करू नका. निहारची शाळा इथे तेव्हाच सुरू होते.

तुम्हाला हे माहीत आहे असं दीप्तीला कधीही कळता कामा नये. चेहऱ्यावरूनसुद्धा नाही. ते तुम्हाला जड जाईल, कारण तुम्ही मनातलं मनात ठेवू शकत नाही, पण शिका. मी जाते ती एवढ्याचसाठी की त्या घरात साक्षीदार राहू नये. तुम्ही दुसरा साक्षीदार होऊन बसलात तर माझं जाणं फुकट जाईल, आणि तसं झालं तर मी तुम्हाला क्षमा करणार नाही. तिने कधी आपणहून तुम्हाला सांगितलं, तर पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐका आणि तिच्या हातचा चहा मागा. सल्ला देऊ नका.

निहारचं. डाळ पातळ लागते. शाळेतून आल्यावर अर्धा तास कुणी बोललेलं चालत नाही. मराठीत उत्तर देणार नाही, तरी तुम्ही मराठीतच बोलत राहा, कळतं त्याला सगळं. टीव्हीचं मी पुन्हा लिहीत नाही.

आणि झोपताना त्याला कुणाचा तरी पदर मुठीत लागतो. आजवर माझा होता. पहिल्या काही रात्री रडेल. तेव्हा तुमचा पुढे करू नका. तुम्ही उठा, काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जा, दार लावून घ्या, आणि त्याच्या आईला तिथे जाऊ द्या.

हिरा